चार कोअर आणि एक पात

बीडहून चार कोअरचा कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडायची दुर्बुद्धी मला झाली. शिरूर कासारात लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारे आम्ही तिघं होतो. बाकीच्या दोघांच्या नाकावर टिच्चून मी दुकानाबाहेर पाटीच लावली, 'चार कोअरवर मिक्सिंग. कॅसेट द्या, सीडी न्या.' विकणाऱ्यानं सांगितलं होतं की जुन्यात एकच प्रोसेसर राबतो, ह्यात चार राबतात, म्हणजे काम चौपट. मला पाढे येत होते, म्हणून मी फसलो.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे घाई सुटते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात आणि त्याआधी ठरलेली लग्नं उरकायची असतात, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि मुकादमाला जोडीच हवी असते. त्या वर्षी असंच एक लग्न मी शूट केलं. नवरीचा बाप लग्नाला नव्हता. कोप्या, म्हणजे टोळीच्या राहायच्या झोपड्या, उभारायला म्हणून मुकादमानं त्याला आधीच कारखान्यावर नेलं होतं, आणि त्यानं पोरीच्या लग्नासाठी दोन दिवस मागितले तर दिले नाहीत. कन्यादानाला चुलता बसला.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ट्रक निघणार होता. त्यात नवरा, नवरी आणि नवरीची आई जाणार होती. आईला त्याआधी सीडी हवी होती, आणि कन्यादान चालू असताना पडद्यावर बापाचा फोटो यायला हवा होता. कारखान्याच्या गेटवर एका चहावाल्याकडे सीडी लावायची सोय होती, तिथं ती त्याला दाखवायची होती.

माझ्याकडच्या तयार चौकटीत फोटोभोवती झेंडूचा हार यायचा. तो बघून बाई दचकली. "हार नगं, भाऊ. जितं हायत ती," म्हणाली. मग मी मोराच्या पिसाऱ्यातून फोटो उलगडेल अशी चौकट घेतली. शिवाय प्रत्येक पाहुणा लाल बदामातून बाहेर आणला. ते तिनं सांगितलं नव्हतं, ती माझी हौस. बदाम नसतील तर मिक्सिंग कसलं, असा आमच्या धंद्यात समज होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेंडरिंग लावलं, म्हणजे सगळे तुकडे जोडून एकसंध फिल्म करायचं काम. पडद्यावर आलं, अजून नऊ तास. म्हणजे संध्याकाळचे सात, आणि ट्रक चारला. प्रोसेसरचं काम दाखवणारी खिडकी उघडली तर चार चौकोन दिसले. पहिल्यात रेघ छताला टेकलेली, उरलेल्या तिघांत जमिनीवर आडवी.

विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मशीन चोख आहे, तुमच्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरलाच चौघांकडून काम करून घेता येत नाही. सॉफ्टवेअर देणारा म्हणाला, ते चोख आहे, मोर-बदामांचं पॅकेज एका प्रोसेसरच्या काळातलं आहे, ते अडवतंय. पॅकेजवाल्याला फोन करता आला नाही, कारण ते कुणी कुणाकडून आणलं हे आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. आवळा देऊन कोहळा काढला असं मला वाटलं होतं, आणि कोहळ्याचा तीन चतुर्थांश भाग झोपलेला होता.

बाई सकाळपासून स्टुलावर बसून होती. ती ते चौकोन बघत होती.

"ह्ये तिघं काहून बसल्यात?"

त्यांना काम सांगता येत नाही, असं मी तिरसटपणे म्हणालो.

"मंग पात वाटून द्या की."

उसाच्या फडात मुकादम प्रत्येक कोयत्याला आपापली पात, म्हणजे सरींचा पट्टा, आखून देतो. मला रागच आला. पण दुसरं सुचत नव्हतं, म्हणून फिल्मचे तुकडे पाडले आणि दुसऱ्या तुकड्यासाठी सॉफ्टवेअर पुन्हा उघडायला गेलो. ते आधीच चालू आहे, असं त्यानं मला ऐकवलं. मी हात टेकले. फोटो काढून टाकू, मग वेळेत होईल, असं तिला सांगितलं.

"फोटो ठिवा. बाकीचं काढा," ती म्हणाली.

एकेक बदाम पुसताना जिवावर आलं. साधी जोडाजोड नव्या मशीनवर लावली. कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून जुना कॉम्प्युटर विकायला काढून ठेवला होता, तो पुसला आणि कन्यादानाची पात त्याला दिली. त्यानं तो मोर नव्यापेक्षा लवकर संपवला. नंतर कळलं की जुन्यातला एकटा प्रोसेसर नव्यातल्या कुठल्याही एकट्यापेक्षा जोरात पळायचा. नारळ मी चुकीच्या मशीनपुढे फोडला होता. साडेतीनला सीडी निघाली आणि ती द्यायला मी ट्रकपर्यंत पळत गेलो.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. एके दिवशी तो बाप दुकानात आला. पिसाऱ्यातून मीच त्याला बाहेर काढलेला, त्यामुळे बघताच ओळखला. सगळ्या टोळीनं सीडी बघितली म्हणाला, आणि पोरगी म्हणाली, आबा, तुमी व्हता की तिथं. मग बायकोनं सांगितलेले ते बसलेले तिघं कुठं आहेत, असं त्यानं विचारलं.

दुसऱ्या एका लग्नाचं रेंडरिंग चालूच होतं. मी खिडकी उघडून दाखवली आणि माझं रडगाणं सुरू केलं, की चार आणले, एक राबतो, बाकीचे नुसते बसवून ठेवलेत. त्यानं वाकून एका आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"आमचं बी तसंच झालं, भाऊ," तो म्हणाला. "कोप्या दोन दिसात झाल्या. कारखान्याचं धुराडं लई उशिरा पेटलं. लग्नाच्या दिशी मी कोपीम्होरं बसूनच व्हतो. काम न्हवतंच."

मी ती खिडकी बंद केली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.