बाजाराचं छप्पर

पंचायतीत एक तरी बाई हवी म्हणून गावाने मला घेतलं, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं गाव गडचिरोलीच्या अलीकडे, जंगलाला लागून. आठवडी बाजारात मोहफुलं, चारोळी, डिंक घेऊन टोल्यांवरच्या, म्हणजे रानातल्या वाड्यांवरच्या, गोंड बाया यायच्या आणि दिवसभर उन्हात बसायच्या.

पहिल्याच सभेत मी म्हटलं, "त्यांच्यासाठी छप्पर बांधू. ठेकेदाराच्या लाकडाच्या गाड्या गावातूनच जातात, त्यांच्यावर कर लावू."

सरपंच म्हणाले, "बाई, कर कशावर लावाचा, किती लावाचा, ते सरकार ठरवते. आपल्या हाती काई नाई. अन् बांधकामाले पैसा काढाचा तर वरून मंजुरी लागते."

तरी आम्ही अर्ज केला. दोन्ही गोष्टींना नकार आला.

पुढे जिल्ह्याचे मोठे साहेब दौऱ्यावर आले, डाकबंगल्यात उतरले. मी त्यांना भेटायला निघाले तशी सासूबाईंनी चपला घातल्या. "एकटी काऊन जातं? मीबी येतो."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कराची मर्यादा मला ओलांडता येत नाही, बाई. मंजुरीशिवाय पंचायतीला खर्चही करता येणार नाही."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "पंचायतीनं पैसा खर्चच नाई केला तर? बांबू आमच्या हक्काचा, गवत रानातलं, हात गावचे. तरी मंजुरी लागते का?"

साहेब मोठ्याने हसले. "खर्चच नसेल तर मी नामंजूर काय करू?"

परतताना मी अक्षरशः धावत होते. सासूबाई मागून ओरडत होत्या, "अवं, हळू चाल नं!"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बाजारात लोटलं. टोल्यांवरची माणसं डोक्यावर गवताचे भारे घेऊन आली. कुणी खड्डे खणले, कुणी बांबू चिरले. सरपंच स्वतः आढ्यावर चढून बसले आणि खालच्या प्रत्येकाला हुकूम सोडू लागले. मी पदर खोचून जमिनीसाठी चिखल तुडवत होते. पाय भरून आले होते, पण घरी जावंसं वाटेना.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी गोंड बाई आत आली. तिने वर पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि मला खूण करून शेजारी बसवलं. मूठभर चारोळी माझ्या हातात दिली. तेवढ्यात सरपंच आले. मी उठलेच.

"भाऊ, आता शाळेच्या छपराचं काय?"

"अवं बाई, मले बसू तं दे!"