सक्तीचा रकाना

नवा फॉर्म तयार झाला की आमच्या ऑफिसातले दादा खुर्चीतून उठायचे, चष्मा काढायचे आणि मोबाइल डाव्या हातात धरून उभ्यानंच तो भरायचे. "घाबरलेला मानूस भरतो तसा भरून बघावा," म्हणायचे. साड्यांच्या प्रदर्शनाच्या नावनोंदणीलाही हीच परीक्षा. साडीला कोण घाबरतं, असं मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "नवरा."

बेलापूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात वेबसाइटसाठी फॉर्म बनवायचं काम चाले. गिऱ्हाईक रकाने वाढवायचं, दादा उडवायचे. पिनकोड आठवेना म्हणून तुम्हीही कधी फॉर्म अर्ध्यावर सोडला असेल. लोक नेमके कुठे अडतात ते कळावं म्हणून दादा असे अर्धवट फॉर्मही आमच्या स्क्रीनवर दिसतील अशी सोय करायचे.

तळोज्याच्या केमिकल कारखान्यांजवळच्या रहिवाशांच्या एका समितीनं फॉर्म मागितला, तेव्हा मात्र ते हट्टालाच पेटले. गॅसचा उग्र वास आला की हा फॉर्म भरायचा, आणि समितीची माणसं त्या गल्लीत गाडी घेऊन धावणार. दादांची दमेकरी आई तिथल्याच गावात दिवसभर एकटी असायची. त्यांनी दोनच रकाने ठेवले, गल्ली आणि काय होतंय. अध्यक्षांना मोबाइल नंबर सक्तीचा हवा होता, नाहीतर पोरं चेष्टा करतील म्हणे.

"माझ्या आयला तिचा नंबर पाठ नाय," दादा म्हणाले. "सवताला कोन फोन लावतं?"

सगळे हसले आणि नंबर सक्तीचाच राहिला. दादांनी मग तो आईकडून रोज घोकून घेतला.

एका दुपारी फॉर्म येऊ लागले. डोळे चुरचुरतात. घसा जळतोय. आधी हमरस्त्याकडच्या गल्ल्या, मग आतल्या. दादा आईला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. मी अर्धवट फॉर्मांची यादी उघडली. मग त्यांच्या गल्लीतला फॉर्म दिसला, अर्धवट. 'काय होतंय' पुढे 'दम' एवढंच, आणि नंबराच्या जागी चारच आकडे. नंबर पुरा झाल्याशिवाय तो समितीला जाणार नव्हता.

दादांनी समितीला फोन करून आपली गल्ली सांगितली आणि जिन्याकडे धावत सुटले. त्या दिवशी ते मला शेवटचे दिसले ते असे पाठमोरे.

मी त्या चार आकड्यांकडे बघत बसले. पाचवा येईना. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि भीतीत दुसरं काही सुचतही नव्हतं.

अखेर त्यांचा फोन आला. समितीच्या गाडीतून ते आईला दवाखान्यात नेत होते. कशी आहे, मी विचारलं.

"श्वास हाय," दादा धापा टाकत म्हणाले. "तू पयला तो नंबर काढ, पोरी. अजून कोनतरी भरत असंल."

मी सक्ती काढली. थोड्या वेळानं शेजारच्या गल्लीतून एक फॉर्म आला. नंबर नव्हता. लिहिलं होतं, 'लवकर या'.