फुग्यात बसलो त्याची गोष्ट

गॅसची शेगडी भडकली की मला त्या फुग्याखालच्या शेगडीचा वास आठवतोय. कंग्राळीला आमच्या शिवारात एका अब्जाधीश उद्योगपतीचा भलामोठा गरम हवेचा फुगा उतरलता. निपाणीच्या बाजारात सायकलीवर बादल्या विकून वर आलेला मानूस, आता फुग्यातनं देश हिंडत हुता. मला म्हणाला, "अण्णा, येतासा काय वर?" बायको फस्सदिशी हसली, "हे शिडीवर चढत न्हाईत, फुग्यात कुठलं!" मग इज्जतीचाच प्रश्न, चढलो. जमीन सुटली तसं मी टोपलीत खाली बसून त्याचं पाय गच्च धरलं. "अण्णा, गाव बघा की!" "तुमीच बघा सायेब, मला सांगा." उतरल्यावर तो बायकोला म्हणाला, "आक्का, ह्यांनी धरलं म्हणून मी टिकलो!" ती आजबी गावभर तेच सांगतीया. मीबी रुबाबात मान हलवतो. एवढ्या मोठ्या मानसाला खोटं कसं पाडायचं?