फ्रान्सनं अडवलं नव्हतं

वडूजच्या स्टँडवर एसटी सुरू झाली तरी आबा खिडकीची दांडी सोडत नव्हते. "धाकट्याला इंग्लंडात वडून घे. इसरू नगं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. धाकटा म्हणजे तुमचा बाप, किसन. माझी ट्रंक टपावर चढवून तो खाली हसत उभा होता. एकसष्ट साल होतं. पोरांनो, त्या ओढून घेण्याचं पुढं काय झालं, ते आज लिहितो.

इंग्लंडात मी ओतकामाच्या कारखान्यात लागलो. खोलीत सांगलीकडचे तिघे होते, उसाच्या जमिनीवाल्या घरांतले. त्यांनी आडनाव विचारलं. आपलं आडनाव त्यांच्यातही असतं. त्यांनी मला त्यांच्याच जातीतला धरलं. आपण गावकुसाबाहेरचे, हे मी सांगितलं नाही. एका परातीत जेवत राहिलो. किसन मात्र दीक्षा घेतल्यापासून कुणी न विचारताही सांगायचा, "आमी बौद्ध हाय." तो आला असता तर पहिल्याच संध्याकाळी सगळं उघड झालं असतं.

बासष्टपासून तिकडं यायला नोकरीचं व्हाउचर, म्हणजे सरकारी परवाना, लागू लागलं. फोरमन म्हणाला, भावाचं नाव दे, कंपनीचं पत्र देतो. मी नाव दिलं नाही. त्याच दिवसांत जेवणाच्या सुट्टीत गोरे कामगार कॉमन मार्केटवरून भांडायचे. युरोपातल्या देशांच्या त्या संघात ब्रिटननं जावं की नाही? कुणी म्हणे लोणी महागेल, कुणी म्हणे इटलीवाले येऊन स्वस्तात राबतील. मला कारण सापडलं. घरी लिहिलं, फोरमन चिठ्ठी देईल, पण हा देश आता युरोपात चाललाय, आपल्या लोकांना घेणार नाहीत, थांब.

किसननं ते खरं मानलं. वडूजच्या वाचनालयात जाऊन तो त्या वादाच्या बातम्या वहीत उतरवून घेऊ लागला. गावातली थट्टाही तोच पत्रात लिहायचा.

"काय किसन, तुझ्या बाजाराचं ठरलं का रं?"

"ठरतंय गड्या. फ्रान्स आडून बसलाय, तवर माझंबी आडलंय."

फ्रान्सनं ब्रिटनला नकार दिला तेव्हा त्याचं पत्र आलं, "आण्णा, रस्ता मोकळा झाला! फोरमनची चिठ्ठी कवा धाडतोस?" मी लिहिलं, हे पुन्हा अर्ज करणार आहेत, अजून थांब. सदुसष्टात त्यांनी खरंच केला. तोवर किसन विहिरी खोदायच्या कामावर होता आणि तुमच्यातली थोरली चालायला लागली होती. त्यानं विचारणं सोडलं.

पुढं तो देश संघात गेला आणि माझ्या म्हातारपणी बाहेरही पडला. दोन्ही वेळा बातम्या बघताना मला किसनची वही आठवली. खोलीतल्या तिघांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तिघांच्याही मयताला मी गेलो.

आता गाव म्हटलं की ओढा, आपलं घर, काही डोळ्यांपुढं येत नाही. ती वही येते. मागच्या खेपेला तुम्ही ती कापडातून सोडून दाखवलीत आणि आलेल्या पाहुण्यांना कौतुकानं सांगितलंत, "बाबांना फ्रान्सनं आडवलं, न्हाईतर तेबी तिकडं असतं." मी चहा पीत होतो. मान डोलावली.

हे पत्र त्या वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा. त्याला फ्रान्सनं अडवलं नव्हतं. मी अडवलं.