एका माणसाचा एकच फोटो

थांबकाका एका माणसाचा एकच फोटो काढत. डोळे मिटले, मान हलली, नाकावर माशी बसली, तरी दुसरा नाही. "डोये मिटले त मिटले, तुहेच आहेत ना," म्हणायचे आणि कॅमेरा पिशवीत घालायचे. हा हट्ट मला किती महागात पडला, ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

ते हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि आमच्यापासून चौथ्या घरात राहत. फोटो हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर कॅमेरा मांडीवर घेऊन येऊन बसायचे. लोक पावडर लावून, केस चोपडून समोर बसत. काका म्हणत, "थांब." अर्धा तास, कधी तासभर. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. माणूस कंटाळून आपल्या कामाला लागला, त्यांना विसरला, की खट्. "तयार होऊन बसला का माणूस पाहुणा दिसते. कंटाळला का घरचा दिसते," हे त्यांचं शास्त्र.

आईचा फोटो असाच निघाला. वाट पाहून ती वैतागली, सुपात तुरीची डाळ घेऊन पाखडायला लागली, आणि मान वर करून म्हणाली, "भाऊजी, काढता का जाता?" तिचा राग, कपाळावरची बट, उडालेली टरफलं, सगळं त्या फोटोत होतं. मला तेव्हा तो मुळीच आवडला नव्हता. मैत्रिणींच्या आया स्टुडिओत गुलाबांच्या पडद्यापुढे बसलेल्या, आणि माझी ही अशी.

काका फोटो घरीच न्हाणीत धुवायचे आणि पाकिटात घालून द्यायचे, सोबत निगेटिव्हही. स्वतःजवळ काही ठेवत नसत. "दुसऱ्याचं तोंड आपल्या घरात काऊन ठेवाचं? कागद खराब होते, हे जपजो." आम्ही जपली म्हणजे काय, बटणांच्या डब्यात टाकली.

मी बारावीत असताना सूर्यग्रहण आलं. निगेटिव्हमधून सूर्य बघता येतो असं कुणीतरी सांगितलं आणि अख्ख्या गल्लीने काकांची पाकिटं उघडली. मी तर जास्तच शहाणी. पुठ्ठ्याचा चष्मा केला, आईच्या निगेटिव्हचे कात्रीने दोन तुकडे केले आणि एकेका डोळ्याला डिंकाने चिकटवले. काका ड्यूटीवरून आले तेव्हा सगळे माना वर करून उभे होते. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला. "पाहून घे, चांगलं पाहून घे," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही.

काही वर्षांनी भिंतीला ओल आली, आईचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आणि सोडवताना आईचा चेहराच सोलून निघाला. तोवर तिला चार पावलांत दम लागत होता. स्टुडिओत चल म्हटलं तर म्हणाली, तिथं मी पाहुणी दिसीन. मग मला घेऊन ती काकांकडे गेली. "भाऊजी, एक काढून द्या. पोरीजवळ राहाले पायजे." काका सायकलची चेन पुसत होते. "तुमचा काढला होता, वहिनी," म्हणाले. मान वरसुद्धा केली नाही. कात्री माझी, चूक माझी, आणि शिक्षा माझ्या आईला! दोन वर्षांनी ती गेली. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला. ती आई आहे हे खालचं नाव वाचून कळतं.

गेल्या वर्षी काका सावंगीला दवाखान्यात होते. मी आता जवळच नालवाडीत राहते, म्हणून रोज डबा नेत असे. त्यात माया होती, खोटं कशाला बोलू. पण रागही डब्यासोबत जायचा. एका दुपारी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि मी मोबाईल चाळत बसले होते. काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"तुह्या मायचा काढाले पायजे होता मी," ते म्हणाले. "अकडलो." मग थोड्या वेळाने, "माहा एकही नाई. काढ एक."

वीस वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली, ते मिळाले होते. आणि मी काय म्हणाले? बॅटरी संपली, उद्या काढते. मोबाईल माझ्या हातात चालू होता. त्यांना कळलंच असणार.

"थांबतो मंग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते केस विंचरून, उशीला टेकून बसले होते. मी मोबाईल पर्समधून काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला त्यांना थांबवायचं होतं, आई थांबली तसं. आणखी एक-दोन दिवस, मग काढू, असं मी ठरवलं होतं. चौथ्या दिवशी ते गेले.

तेरवीच्या आधी मी काकूंकडे गेले. भिंतीजवळ फोटोसाठी पाट मांडून ठेवला होता, त्यावर काही नव्हतं. "आधार कार्डावर आहे, पण तो त्यायच्यासारखा नाई दिसत," काकू म्हणाल्या. "तू त रोज येत होती. तुह्या मोबाईलात असन ना एखादा?"

मी मोबाईल उघडला आणि त्यांच्यासमोर बसून बराच वेळ शोधत राहिले.