खलबत्ता आणि हार्ड डिस्क

लसणाच्या चटणीचा वास आला की आमचं कळव्याचं घर आठवतं. कॉम्प्युटर नवलाईचा होता, तेव्हाची गोष्ट. ताईचा अख्खा प्रबंध असलेल्या हार्ड डिस्कचे भाग नव्याने पाडून मी माझं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, डिस्कच्या दुसऱ्या भागात हलवत होतो. मध्येच वीज गेली असती तर प्रबंध खलास. मिक्सरने फ्यूज उडायचा, म्हणून मी मिक्सरवर बंदी घातली, तर आईने चटणीसाठी खलबत्ता काढला. पहिल्याच घावाला शहाडपर्यंत जमीन हादरली आणि कॉम्प्युटरबाहेर वायरने जोडून टेबलावर ठेवलेली डिस्क कडेला सरकली. मी ती दोन्ही हातांत धरली. "हलू नकोस रे, माझी चार वर्षं आहेत त्यात!" ताई ओरडली. दोन तास मी श्वास घेतला नाही. घास मात्र घेतले, कारण "उपाशी मरशील मेल्या," म्हणत आई चटणी-भाकरी भरवत होती. प्रबंध शाबूत निघाला. हल्ली असं काम आपोआप होतं आणि माझे हात रिकामे असतात, पण भरवणारं कोणी नसतं.