मामाच्या टाकीतल्या पंगती

माझा मामा बाराशे मुलामुलींच्या वसतिगृहाचं सांडपाणी सांभाळतो. सांडपाणी हा सभ्य शब्द झाला. न्हाणीघरं, संडास आणि खाणावळीची भांडी, तिन्हींचं जे काही वाहून येतं ते इमारतीमागच्या दोन उघड्या टाक्यांत पडतं, आणि तिथे गेली अकरा वर्षं मामा उभा असतो. माहेरी कुणी विचारलं तर मामी "ते पाण्याच्या कामात आहेत" एवढं सांगते आणि विषय बदलते.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. वीस वर्षं शिकवल्यावर सजीवांबद्दल आपल्याला सगळं कळतं असा माझा समज झाला होता. तो या सुट्टीत उतरला, पण त्याचा भुर्दंड मामाला पडला.

झालं असं, की सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात मामीने माझ्या हातात मामाचा डबा दिला. "मला त्या वासात जाववत नाही, तू जा," म्हणाली. मी नाकाला रुमाल लावूनच गेले आणि दारातच तो खिशात घातला, कारण वास नव्हता. पावसाळी मातीला येतो तसा थोडा ओला वास, बस. टाक्यांत तपकिरी पाणी खालून येणाऱ्या हवेने खदखदत होतं. शेजारी पत्र्याची खोली. त्यात एक टेबल, एक उंच काचेची नळी आणि कॉलेजने भंगारात काढलेला सूक्ष्मदर्शक. त्याचं एक चाक हरवलेलं, म्हणून तिथे मामाने बाटलीचं झाकण बसवलेलं.

"बघ," म्हणून त्याने काचेवर टाकीतला एक थेंब ठेवला.

मी बघितलं, आणि पुढचा पाऊण तास डबा तसाच राहिला. तपकिरी कापसाच्या बोंडांसारखे गाळाचे गोळे होते. त्यांच्यावर देठाला लागलेल्या इवल्या घंटा डोलत होत्या. मधून काहीतरी सुळकन निघून जाई. एक पारदर्शक प्राणी डोक्यावरची दोन चाकं फिरवत उभा होता आणि आसपासचं सगळं त्याच्या तोंडात ओढलं जात होतं.

"व्होर्टिसेला," मी घंटांकडे बघून म्हणाले.

"ते लाजरे," मामा म्हणाला, आणि त्याने टेबलावर टिचकी मारली. देठ स्प्रिंगसारखे आखडले, सगळ्या घंटा एकदम गोळ्याला चिकटल्या. मग हळूहळू पुन्हा वर आल्या. मी आणखी तीनदा टिचकी मारली. माझं वय बेचाळीस आहे.

मामाची एक वही होती. रोज सकाळी एक थेंब बघायचा आणि कोण किती दिसलं ते लिहायचं. पान तीन भागांत आखलेलं होतं: पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. पहिल्या पंगतीत 'हमाल', म्हणजे गोळ्यांतले जीवाणू, जे वसतिगृहाची घाण थेट खातात. दुसऱ्या पंगतीत हमालांना खाणारे: सुळकन निघून जाणारे पळपुटे, घंटांचे लाजरे, डोक्यावर चाकं फिरवणारे चक्कीवाले. तिसऱ्यात दुसरीवाल्यांवर जगणारे, आणि त्यांत मामाचा लाडका जाडोबा. आठ पायांचा, गुबगुबीत, अस्वलासारखा झुलत चालणारा. तो कधीतरीच दिसतो आणि टाकी जुनी, शांत असेल तरच येतो, असं मामाचं म्हणणं.

मला राहवलं नाही. शिक्षकाला चूक दिसली की खाज सुटते. "मामा, ही विभागणी चुकली आहे. लाजरे एकपेशीय आहेत, चक्कीवाले चक्क प्राणी आहेत. दोघांना एका रांगेत कसं बसवलंस?"

"दोघं हमालच खातात."

"पण कूळ वेगळं आहे ना त्यांचं."

"कूळ लग्न जमवताना बघ. मला त्यांना जेवू घालायचं आहे."

मी वहीत आपली सृष्टी, संघ, वर्ग यांची शिडी काढून दाखवली. त्याने ती अगदी मनापासून पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "छान आहे. पण यातून टाकी उपाशी आहे का ते कळत नाही." त्याच्या पानावरून कळायचं. पळपुटे वाढले म्हणजे खाणं फार झालं किंवा टाकी नवी आहे. चक्कीवाले वाढले म्हणजे गाळ म्हातारा होतोय. कुणीच नाही म्हणजे वसतिगृहात कुणीतरी फरशी धुवायचं ॲसिड ओतलंय, आणि मग मामा तिथल्या सफाईवाल्यांना गाठून त्यांची कानउघाडणी करून येई.

दुसऱ्या दिवशी डबा न सांगता मीच उचलला. मामी माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी मामाने मला कोपऱ्यातला वाळलेला गाळ दाखवला. महिन्याकाठी जेमतेम एक हातगाडी निघते. "बाराशे जणांचं महिनाभराचं येतं इथे," तो म्हणाला, "आणि उरतं एवढंसं. बाकीचं जातं कुठे? माझं उत्तर माझ्याकडे आहे, पण तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात मनोरा आहे. मी तो दर वर्षी फळ्यावर काढते: खालच्या थरातली साधारण दहा टक्के ऊर्जा वर पोचते, उरलेली निघून जाते. मुलं पाठ करतात, मीही केलं होतं. पण निघून जाते म्हणजे काय, हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता समोर ती खदखदणारी टाकी होती. हमाल खातात आणि खाल्लेल्यातलं बरंचसं धापा टाकण्यात, हलण्यात, ऊब म्हणून घालवतात. हमालांना लाजरे खातात, तेही घालवतात. लाजऱ्यांना आणखी कुणी. प्रत्येक पंगत उठते तेव्हा ताटात थोडंच उरलेलं असतं. घाण कुणी कुठे नेत नव्हतं, ती तिथेच जगून संपत होती. मला इतका आनंद झाला की मी मामाला मनोरा समजावून सांगायला लागले, आणि तो म्हणाला, "हेच तर मी काल सांगत होतो."

मग वसतिगृह रिकामं झालं. मुलं घरी गेली, खाणावळ बंद, टाक्यांत येणारं अन्न तुटलं. मामा याला दर वर्षी तयार असतो. हवा निम्मी करतो, खाणावळीतलं शिळं पीठ आणि साखर पाण्यात कालवून रोज थोडं घालतो आणि टाक्या जगवतो. पण या वर्षी व्यवस्थापक नवे होते. भला माणूस, स्वच्छतेचा भारी शौक. त्यांनी चिठ्ठी पाठवली: वसतिगृह रिकामं आहे, तर सोमवारपर्यंत दोन्ही टाक्या उपसून धुऊन घ्याव्यात.

पाहुणे गेले की घर झाडायचं, तसंच हे. सरळ माणसाला सुचेल असंच. पण टाक्यांतली ती घाण हेच मामाचे कामगार होते. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या टाकीतून दोन बादल्या आणून त्याने ही वस्ती उभी केली होती. मामा दोनदा ऑफिसात जाऊन आला. लाजरे, जाडोबा, पंगती असं ऐकून व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "लेखी द्या."

"तू शिकलेली आहेस," मामा मला म्हणाला. "तू लिही."

मी लिहिलं. दीड पान, शास्त्रशुद्ध. टाकीत मोनेरा सृष्टीतले जीवाणू, प्रोटिस्टातले आदिजीव, रोटिफर, गोलकृमी हे सजीव विपुल आढळतात, त्यांची यादी जोडली आहे, सबब टाक्या धुवू नयेत. खाली माझी सही आणि पदवी. वाचून मलाच माझा अभिमान वाटला. मामाला त्यातलं काय कळणार म्हणून घरी जाताना मी ते परस्पर ऑफिसात देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यांपाशी ब्लीचिंग पावडरची सहा पोती उभी होती आणि व्यवस्थापक स्वतः आले होते. हातात माझं पत्र.

"बाई, बरं झालं तुम्ही लिहिलंत," ते म्हणाले. "जीवाणू काय, कृमी काय, मला कल्पनाच नव्हती. मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. नुसतं धुऊन नाही भागणार."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. कोण आहे ते मी सगळं लिहिलं होतं, आणि कोण काय करतो याची एक ओळही लिहिली नव्हती.

मामाने माझ्याकडे बघितलंही नाही. व्यवस्थापक चांगले ऐसपैस गृहस्थ होते. मामाने त्यांना पत्र्याच्या खोलीत नेऊन स्टूल दिलं आणि विचारलं, "साहेब, जन्मापासून आजवर जेवलात ते सगळं अंगावर राहिलं असतं, तर या दारातून आत आला असता का?"

मी डोळे मिटले. पण ते हसले. "नाही."

"मग गेलं कुठे?"

"चालण्याबोलण्यात. कामात."

"आणि उरलेलं आमच्याकडे आलं," मामा म्हणाला. "तेही जेवतात आणि कामात घालवतात. मग त्यांना जेवणारे आहेत. तिसऱ्या पंगतीपर्यंत घाणीची घाण राहत नाही. ही पोती ओतलीत तर पहिल्या दिवशी टाकी आरशासारखी दिसेल. मुलं परत आली की तिसऱ्या दिवशी तुमच्या खिडकीत वास येईल."

मग त्याने थेंब दाखवला. व्यवस्थापक वाकून बराच वेळ बघत राहिले. मामाने टिचकी मारली तेव्हा ते दचकले आणि म्हणाले, "परत करा." उठले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "मला पटलं. पण मी तुमचं पत्र जोडून वर कळवून बसलोय. उद्या बघायला माणूस येणार. एक तरी टाकी धुवावीच लागेल. कोणती ते तुम्ही ठरवा."

मामाने दोन्ही टाक्यांचे पाच पाच थेंब बघितले. डावीत एक जाडोबा सापडला. उजवीत नाही सापडला. उजवी, तो म्हणाला. पोतं फोडायला माणसं पुढे आली तेव्हा त्याने त्यांना थांबवलं आणि सगळी पावडर स्वतःच्या हाताने टाकली. मी कठड्याशी उभी होते. हे माझ्यामुळे झालं हे मला कळत होतं आणि त्यालाही. मी "मामा" म्हटलं तर तो म्हणाला, "डोळ्यांत जाईल, लांब हो."

दुपारी त्याने उजवीचा थेंब लावला. मी बघितलं. गोळे होते, घंटा होत्या, देठही होते. मी टिचकी मारली. काही हललं नाही.

वरचा माणूस आला, स्वच्छ टाकी बघून खूश होऊन गेला. मामाने ती दोनदा साध्या पाण्याने धुतली, भरली आणि डावीतून बादल्या नेऊन ओतायला लागला. चाळीस बादल्या, मग रोज दहा. मीही उचलायला गेले. तो नको म्हणाला नाही, स्वतःची बादली उचलून पुढे गेला. माझी शाळा सुरू झाली तेव्हा मी परतले.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. मागे टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज होता.

"उजवीत पळपुटे आलेत," तो म्हणाला. "एका थेंबात सात. एक लाजराही आहे, पण अजून एकटाच."

मला शिक्षकांच्या खोलीत रडू आलं. मी भिंतीकडे तोंड केलं. "मामा, माझं चुकलं," मी म्हणाले.

तो मग म्हणाला, "पत्र चांगलंच असेल गं. पण मला एकदा वाचून दाखवायचं होतंस."